शिकवण्याची पारख : विद्यापीठांतील विज्ञान विभागांसंबंधी



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते सर आयुष्यभर बी.एस्सी. आणि एम.एस्सी.च्या वर्गांना भौतिकशास्त्र शिकवत राहिले. त्यांचे कितीतरी विद्यार्थी आज इथे बसलेले मला दिसतात. सरांच्या एका तासाबद्दल विचारलं, तर ही मंडळी संध्याकाळभर बोलतील. पण सरांचं सेवापुस्तक उघडलं, तर काय सापडेल? नेमणुकीची तारीख, वेतननिश्चिती, रजांचा हिशेब, बढतीचे आदेश. त्यांचं शिकवणं कसं होतं, त्यातून मुलांच्या पदरात काय पडलं, याबद्दल एक ओळही सापडणार नाही. ज्या कामासाठी माणसाला नेमलं, त्या कामाचीच नोंद नाही! आणि हे एकट्या सरांच्या बाबतीत झालेलं नाही. आपल्या विद्यापीठांतल्या जवळजवळ प्रत्येक विज्ञानशिक्षकाची हीच कथा आहे.

म्हणून मी आज हा विषय घेतला. विज्ञान विभागात शिकवणं चांगलं चाललं आहे की नाही, हे ओळखायचं कसं? माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ते ओळखता येतं. विज्ञानाच्या रीतीनेच ओळखता येतं. आणि बाहेरून समिती येण्याची वाट न पाहता विभागाने स्वतः ते ओळखायला हवं.

आधी आजवर आपण काय मोजत आलो ते पाहू. 1994 साली बंगळुरूला उच्च शिक्षणसंस्थांचं मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’ची स्थापना झाली. संलग्नतेच्या चौकशी समित्या सोडल्या, तर तोवर आपल्या संस्थांकडे बाहेरून नीट कोणी पाहत नव्हतं. त्यामुळे ते पाऊल मोलाचं होतं, हे मी मनापासून मानतो. नॅकच्या 2017 च्या आराखड्यात एकूण 1000 गुणांपैकी अध्यापन, अध्ययन आणि मूल्यमापन या निकषाला विद्यापीठांसाठी 200 गुण होते आणि संलग्न महाविद्यालयांसाठी 350. ऐकायला चांगलं वाटतं. पण त्या निकषाच्या आत शिरून पाहा. विद्यार्थी-शिक्षक प्रमाण किती, मंजूर पदांपैकी भरलेली किती, पीएच.डी. झालेले शिक्षक किती, निकाल किती टक्के, विद्यार्थी समाधानी आहेत का. हे सगळं विचारायलाच हवं. पण थर्मोडायनॅमिक्सचा पेपर दिलेल्या मुलाला एंट्रॉपी समजली का, हा प्रश्न यात कुठे आहे?

शिक्षकाच्या बढतीचंही तेच. 2010 च्या यूजीसी नियमावलीने ‘एपीआय’चे, म्हणजे शिक्षकाच्या शैक्षणिक कामगिरीचे, गुण आणले. तास किती घेतले, तयारीला वेळ किती दिला, हे शिक्षकाने स्वतःच भरायचं असे. ते गुण सगळ्यांनाच सारखे मिळू लागले. मग फरक कशाने पडणार? शोधनिबंधांच्या संख्येने. माणसं जिथे गुण आहेत तिथेच कष्ट घेतात, आणि त्यात त्यांना दोष देता येत नाही. नेट किंवा सेट पास झालेल्या उमेदवाराला विषय येतो एवढं आपण तपासतो. तो विषय दुसऱ्याला समजावून देता येतो का, हे मुलाखतीतल्या दहा मिनिटांवर सोडून देतो.

उरला निकाल. पालकांना निकाल कळतो, वर्तमानपत्रांनाही कळतो. पण गेल्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका समोर ठेवून अभ्यास केलेला मुलगा ‘श्रोडिंजरचे समीकरण सिद्ध करा’ या प्रश्नाला पैकीच्या पैकी गुण मिळवतो, तेव्हा आपण नेमकं काय मोजलेलं असतं? शिवाय विद्यापीठाच्या विभागांत शिकवणारा, पेपर काढणारा आणि पेपर तपासणारा बहुतेकदा एकच असतो. अशा निकालावरून तपासणाऱ्याचा हात सैल आहे की आखडता, एवढंच कळतं.

आता मी तुम्हाला एक प्रश्न विचारतो. एक मोठा मालट्रक आणि एक छोटी मोटार समोरासमोर आदळतात. ट्रक मोटारीवर जास्त बल लावतो, की मोटार ट्रकवर, की दोन्ही बलं सारखी असतात? न्यूटनचा तिसरा नियम आठवीनववीपासून सगळ्यांना पाठ आहे. तरीही बी.एस्सी.च्या वर्गात हा प्रश्न विचारा. ‘ट्रक जास्त बल लावतो’ असं म्हणणारे हात किती वर जातात ते पाहा.

अशा प्रश्नांची एक चाचणी अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्य विद्यापीठात डेव्हिड हेस्टेनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केली. 1992 साली ती प्रसिद्ध झाली. फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी हे तिचं नाव. गणित जवळजवळ नाही, सूत्रं नाहीत, साध्या भाषेतले बहुपर्यायी प्रश्न. त्यातली चुकीची उत्तरं मात्र विचारपूर्वक निवडलेली आहेत. माणसाला रोजच्या अनुभवावरून जे खरं वाटतं, तेच प्रत्येक चुकीच्या पर्यायात असतं. त्यामुळे विद्यार्थी चुकला एवढ्यावर ही चाचणी थांबत नाही, त्याच्या डोक्यात कोणती समजूत घर करून आहे तेही सांगते.

हार्वर्डमध्ये एरिक माझूर नावाचे प्राध्यापक आहेत. 1984 पासून ते तिथे शिकवतात. विद्यार्थी त्यांच्यावर खूश, अभिप्रायाच्या अर्जांवर उत्तम शेरे, अवघड गणितं मुलं सहज सोडवत. या चाचणीच्या आधीच्या रूपाबद्दल त्यांनी वाचलं तेव्हा त्यांना वाटलं, हार्वर्डच्या मुलांना हे प्रश्न म्हणजे खेळ. 1990 साली त्यांनी ती वर्गात दिली. एका विद्यार्थिनीने विचारलं की उत्तरं तुम्ही शिकवल्याप्रमाणे लिहू, की मला खरंच जे वाटतं तसं? मित्रहो, या प्रश्नापाशी जरा थांबा. तिच्या डोक्यात भौतिकशास्त्राच्या दोन वह्या होत्या. एक परीक्षेसाठी, एक स्वतःसाठी. सहामाही, वार्षिक, निकाल, अभिप्राय, यांपैकी कशालाही त्या दुसऱ्या वहीचा पत्ता लागला नव्हता. माझूरनी त्यानंतर आपली शिकवण्याची पद्धत बदलली. प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने आपापलं उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा आणि पुन्हा उत्तर द्यायचं. आज जगभर ही पद्धत वापरली जाते. पण मला महत्त्वाची वाटते ती त्याआधीची पायरी. लोकप्रिय शिक्षकाने आपल्या वर्गात खरंच काय घडतं, ते मोजायचं ठरवलं.

तुम्ही म्हणाल, मग विद्यार्थ्यांनाच विचारा ना! आता प्रत्येक महाविद्यालयात फीडबॅक फॉर्म आहेत, गुणवत्तेवर लक्ष ठेवणारी आयक्यूएसी ते गोळा करते, आलेख काढून फाइलला लावते. विद्यार्थ्यांना विचारावंच. पण काय विचारावं, हा प्रश्न आहे. 2019 साली हार्वर्डमध्येच एक अभ्यास प्रसिद्ध झाला. भौतिकशास्त्राच्या वर्गाचे दोन गट केले. एका गटाला उत्तम, ओघवतं व्याख्यान. दुसऱ्या गटाला तोच मजकूर, पण मुलांनी स्वतः झगडून सोडवायच्या प्रश्नांमधून. नंतर चाचणी घेतली, तेव्हा झगडणाऱ्या गटाला जास्त आलं होतं. आणि ‘तुम्हाला किती समजलं असं वाटतं?’ या प्रश्नाला त्याच गटाने कमी उत्तर दिलं होतं. सुंदर व्याख्यान ऐकताना सगळं समजल्यासारखं वाटतं. खरं शिकताना अडखळायला होतं, आणि अडखळणाऱ्याला आपण मागे पडलो असं वाटतं. तेव्हा ‘शिक्षकाचे विषयज्ञान कसे आहे?’ असा प्रश्न एकोणीस वर्षांच्या मुलाला विचारण्यात अर्थ नाही. त्याला काय ठाऊक आहे ते विचारा. सर वेळेवर येतात का? तपासलेली उत्तरपत्रिका परत मिळते का? प्रयोगाच्या तासाला सर टेबलापाशी येतात का? न समजलेलं विचारायची भीती वाटते का? याची उत्तरं त्याच्याइतकी दुसरा कोणीच देऊ शकत नाही, आणि विभागासाठी ती सोन्याच्या मोलाची आहेत.

आता न्यायाचा मुद्दा. गडचिरोलीत 2011 पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. नांदेडला 1994 पासून स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. तिथल्या महाविद्यालयांत येणारी पुष्कळ मुलं मराठी माध्यमातून येतात. बारावीपर्यंत त्यांतल्या अनेकांनी प्रयोगशाळेत धड पाऊल टाकलेलं नसतं. एफ.वाय.ला एकदम इंग्रजी पुस्तक समोर येतं. मुंबईतल्या नामांकित महाविद्यालयात येतात ती मुलं नव्वद टक्के मिळवलेली. वर्षअखेरच्या निकालावरून या दोन ठिकाणच्या शिक्षकांची तुलना करणं, हा मला उघड अन्याय वाटतो.

अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड हेक यांनी 1998 साली यावर तोड काढली. चाचणी वर्षारंभी घ्या, तीच वर्षअखेर घ्या, आणि एवढंच पाहा की मुलांना जे येत नव्हतं त्यातलं किती आलं. समजा, एका वर्गाची सुरुवात 30 टक्क्यांवर झाली आणि शेवट 58 वर. यायचं बाकी होतं 70, आलं 28, म्हणजे 0.4. दुसऱ्या वर्गाची सुरुवात 80 वर, शेवट 86 वर. यायचं बाकी होतं 20, आलं 6, म्हणजे 0.3. निकालाच्या फलकावर दुसरा वर्ग झळकेल. शिकवणं पहिल्या वर्गात चांगलं झालं! हेकनी 62 अभ्यासक्रमांतल्या साडेसहा हजार विद्यार्थ्यांचे आकडे असे तपासले. निव्वळ व्याख्यानांवर चाललेल्या वर्गांची सरासरी 0.23 आली. मुलांना विचार करायला, बोलायला, एकमेकांना पटवायला लावणाऱ्या वर्गांची 0.48, म्हणजे दुपटीहून जास्त. गडचिरोलीतल्या एखाद्या वर्गात आज 0.5 ची वाढ होत असेल. असं शिकवणारा शिक्षक आपल्याला सापडायला नको का?

प्रयोगशाळेसाठी मला थोडा जास्त वेळ लागणार आहे, कारण विज्ञान विभाग विज्ञानाचा ठरतो तो तिच्यामुळे. जागा, पैसा, विद्यार्थ्यांच्या दुपारी, या सगळ्यांचा मोठा वाटा तिच्यात जातो. त्यातून काय मिळतं, याची तपासणी मात्र सर्वांत कमी होते.

साधा लंबक घ्या. उद्दिष्ट, साहित्य, आकृती, सूत्र, निरीक्षण तक्ता, आकडेमोड, निष्कर्ष. गुरुत्वीय त्वरण 9.8 यायलाच हवं. 9.2 आलं तर? मागच्या बॅचचं जर्नल निघतं, रीडिंग ‘अ‍ॅडजस्ट’ होतं. सबमिशनच्या आठवड्यात जर्नल सर्टिफाइड होतं. परीक्षेला बाहेरचे परीक्षक येतात, व्हायवात दोन प्रश्न विचारतात, संध्याकाळपर्यंत गुण भरून होतात. या सगळ्या साखळीत मुलाने खरंखुरं मोजमाप केलं की नाही, याची चौकशी कोणी केली? ज्या जागी प्रामाणिक निरीक्षण शिकायचं, तिथेच आकडे बदलायला आपण त्याला शिकवलं, हे मला फार लागतं. एका पिढीचं विज्ञान यात जातं.

आता तोच लंबक दुसऱ्या रीतीने घेऊ. एक मीटर लांबीच्या लंबकाचा आवर्तकाल साधारण 2 सेकंद, म्हणजे 50 आवर्तनांना 100 सेकंद. आवर्तकाल आयामावर अवलंबून नसतो, असं पुस्तक सांगतं. मुलाला सांगा, एकदा 10 अंशांवरून सोड, एकदा 20 अंशांवरून, आणि 50 आवर्तनं मोज. 20 अंशांच्या वेळी अर्ध्या सेकंदाच्या आसपास जास्त लागेल. हाताने स्टॉपवॉच दाबताना होणारी चूक एकदोन दशांशांची. म्हणजे नीट, पुन्हा पुन्हा मोजणाऱ्या मुलाला हा फरक दिसतो. मग तो बुचकळ्यात पडतो. मोजमापात चूक झाली, की पुस्तकात काही सांगायचं राहिलं? इथून विज्ञान सुरू होतं. सूत्र लहान कोनांपुरतं खरं आहे, हे त्याला स्वतःच्या आकड्यांतून कळतं, आणि आपल्या मोजमापाची अनिश्चितता किती, हे का विचारायचं तेही कळतं. नताशा होम्स आणि कार्ल वीमन यांनी कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात नेमका हाच प्रयोग पहिल्या वर्षाच्या मुलांकडून करून घेतला. दोन मोजमापांची तुलना करा, फरक दिसला तर मोजमाप सुधारा आणि पुन्हा तुलना करा, एवढीच सूचना. पुढे सूचना काढून घेतल्या तरी ही मुलं आपण होऊन तसंच करत राहिली, आणि सूत्रांच्या मर्यादांवर बोट ठेवू लागली. होम्स आणि वीमन यांनी आणखी एक गोष्ट तपासली. व्याख्यानातला सिद्धांत पक्का करण्यासाठीच घेतल्या जाणाऱ्या प्रयोगशाळांमुळे त्या विषयाच्या परीक्षेतले गुण वाढतात का? जवळजवळ नाहीच, असं उत्तर आलं.

मग प्रयोगशाळेतल्या शिकवण्याची पारख कशी करायची? कुठलीही दहा जर्नलं काढा आणि त्यांतली रीडिंगं शेजारी शेजारी ठेवा. वेगवेगळ्या टेबलांवरचे आकडे तंतोतंत जुळत असतील, तर विभागाने आपलं काय ते समजून घ्यावं. एखादं काट मारलेलं रीडिंग आणि शेजारी ‘हे का आलं कळत नाही’ असं लिहिलेलं सापडलं, तर त्या शिक्षकाला शाबासकी द्या. आणि परीक्षेत एखादं न पाहिलेलं, लहानसं काम द्या. हे आपल्याला येत नाही असं नाही. मुंबईचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र ऑलिम्पियाडच्या तयारीसाठी अनेक वर्षं असे नवे प्रयोग रचत आलं आहे. 2015 साली आंतरराष्ट्रीय भौतिकशास्त्र ऑलिम्पियाड मुंबईत भरलं. तिथे जगभरातल्या शाळकरी मुलांनी आधी कधी न पाहिलेल्या प्रयोगांवर पाच तासांची परीक्षा दिली. आपल्या एम.एस्सी.च्या मुलांना वर्षातून एकदा तरी ही संधी का मिळू नये?

शेवटचा मोठा प्रश्न : ही पारख करायची कोणी आणि कशासाठी? इंग्लंडचा अनुभव इथे उपयोगी आहे. 1993 पासून तिथे विषयवार शिकवण्याचं मूल्यमापन सुरू झालं. परीक्षक विभागात येत, वर्गात मागे बसत, विद्यार्थ्यांशी बोलत. काही काळाने सहा पैलू, प्रत्येकी 4 गुण, एकूण 24 अशी पद्धत आली. गुण जाहीर होत, वर्तमानपत्रं त्यांच्या क्रमवाऱ्या छापत. मग जे व्हायचं तेच झालं. विभाग तयारीच्या फाइलींत बुडाले, गुण वर वर सरकत गेले, आणि बहुतेक सगळेच विसाच्या पुढे पोचल्यावर चांगलं-वाईट ओळखता येईना. 2001 साली ती व्यवस्था मोडीत निघाली. वर्गात बसणारी माणसं असूनही ती टिकली नाही, कारण सगळं वजन त्या एका आकड्यावर येऊन पडलं होतं.

म्हणून माझा आग्रह आहे की ही पारख बढतीला आणि क्रमवारीला जोडू नये. सहकाऱ्याने सहकाऱ्याच्या तासाला बसावं आणि मत न देता नोंद करावी. ब्रिटिश कोलंबियातून 2013 साली अशी एक पद्धत आली आहे. दर दोन मिनिटांनी शिक्षक काय करतो आहे आणि मुलं काय करत आहेत, एवढ्याच्या खुणा करायच्या. तासाच्या शेवटी शिक्षकाला दिसतं की पन्नास मिनिटांत मुलं पंचेचाळीस मिनिटं नुसती लिहून घेत होती. कोणी टीका करायची गरजच उरत नाही. याच विद्यापीठात 2011 साली एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला. प्रत्येकी सुमारे 270 विद्यार्थ्यांच्या दोन तुकड्या. एकीला अनुभवी, उत्तम अभिप्राय मिळवणारे प्राध्यापक व्याख्यान देत होते. दुसरीला शिकवण्याचा फारसा अनुभव नसलेला, पण नव्या पद्धतीचं प्रशिक्षण घेतलेला तरुण संशोधक आठवडाभर प्रश्नांमधून शिकवत होता. चाचणीत पहिल्या तुकडीची सरासरी 41 टक्के आली, दुसरीची 74. एका आठवड्यावरून सगळं सिद्ध होत नाही, हे मान्य. पण शिकवणं ही जन्मजात देणगी आहे, या आपल्या समजुतीला यातून धक्का बसायला हवा. ते शिकता येतं, आणि म्हणूनच ते मोजण्यात अर्थ आहे.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगतो. ज्या विभागातली निम्मी पदं रिकामी आहेत, जिथे सीएचबीवरचा, म्हणजे तासिका तत्त्वावरचा, शिक्षक सकाळी एका गावात आणि दुपारी दुसऱ्या गावात तास घेतो आणि मानधनाची महिनोनमहिने वाट पाहतो, तिथे त्या शिक्षकाची पारख करायला निघण्याचा नैतिक अधिकार आपल्याला नाही. आधी पदं भरा. विभागाची पहिली मोजणी हीच असली पाहिजे की शिकवायला कायमची माणसं आहेत का. सरकारने याचं उत्तर द्यायचं आहे, आणि ते मिळेपर्यंत आपण ते मागत राहिलं पाहिजे.

सभागृहात विभागप्रमुख बसले आहेत, तरुण प्राध्यापकही आहेत. तुम्हाला एकच विनंती. संकल्पना तपासणाऱ्या चाचण्या आता भौतिकशास्त्रापुरत्या उरलेल्या नाहीत. रसायनशास्त्रात आहेत, जनुकशास्त्रात आहेत, संख्याशास्त्रातही आहेत. आपल्या विषयातली एक निवडा आणि ती मराठीत करून घ्या, म्हणजे इंग्रजीच्या भीतीने कोणाचं उत्तर चुकणार नाही. वर्ग सुरू होतील त्या पहिल्या आठवड्यात ती घ्या. वर्षअखेर तीच पुन्हा घ्या. आणि जे आकडे येतील ते, एकही न बदलता, विभागाच्या बैठकीत सगळ्यांपुढे ठेवा.